त्याचं वाक्य

बाई, उद्या माझा निरोप समारंभ आहे. विद्यापीठातला दिव्यांग विद्यार्थ्यांचा कक्ष मी उभा केला, असं चार लोक माइकवर सांगतील आणि मी मान खाली घालून ऐकेन. तो कक्ष खरं तर पनवेलच्या आपल्या कॉलेजात, तुमच्या टेबलाशी सुरू झाला, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

नव्वदीची सुरुवात होती. तुम्ही ऑफिसच्या अधीक्षक, मी बारावीवर चिकटलेली ज्युनिअर क्लार्क, नियम दाखवायची भारी हौस. उरणकडचा एक अंध मुलगा एफ.वाय.ला होता, कोळ्याचा. परीक्षेला लेखनिक हवा म्हणून अर्ज घेऊन आला आणि मुदत संपली म्हणून मी तो परत केला. "नोटीस बोर्डावर लावली होती," मी ठणकावलं. "लावली असंल तुमी," तो म्हणाला, "पन मना कोन वाचून दाखवनार?" तुम्ही जागेवरून उठलात. "काचेआडची नोटीस त्यानं चाचपून वाचायची का गं?" एवढंच. आवाज चढवला नाहीत, पण माझे कान तापले. अर्ज तुम्ही स्वतः नेऊन मंजूर करून आणलात, आणि शिक्षा म्हणून मला रोज ऑफिस सुटल्यावर अर्धा तास त्याला पुस्तक वाचून दाखवायला बसवलंत. शिक्षा कसली, मला त्या अर्ध्या तासाची ओढच लागली. अर्थशास्त्र ऐकताना तो मध्येच हसायचा. "मॅडम, यो धडा माझ्या आयला पाठ हाय. बाजारात रोज तोच करते ती."

ऐन पेपराला ठरलेली लेखनिक मुलगी तापानं पडली. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, त्या नियमात बारावीची मी बसत होते, तुम्ही मलाच पाठवलंत. "तो सांगेल तेच लिही. स्वतःचं शहाणपण बाहेर ठेव," असं दारापर्यंत येऊन बजावलंत.

तो भराभर सांगतो आहे, मी लिहिते आहे. मध्येच म्हणतो, मागणी वाढली की किंमत उतरते. माझं पेन थांबतं. याला हे येतं हो, बाई! मासळी बाजारात वाढलेलं पोर, घाबरून बोलण्यात चुकलं. मी 'वाढते' असं लिहिलं. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, येवडा वाचून दाखवा." कागदावरचं वाचायचा धीर होईना. मी 'उतरते' असं वाचलं. त्यानं समाधानानं मान डोलावली.

निकालाला तो पेढे घेऊन आला. "बाई, पैल्यांदा माझा बोलना जसाच्या तसा कागदावर गेला," म्हणाला. तुम्ही कौतुकानं माझ्या पाठीवरून हात फिरवलात. मी पेढा खाल्ला. नंतर कितीतरी लेखनिकांना मी तुमचंच वाक्य बजावलं.

चूक सुधारली याचं तेवढं वाईट वाटत नाही. माझ्या आवाजावर विसंबलेल्या माणसाला मी खोटं वाचून दाखवलं, ते सलतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण तुम्ही असतात तरी हे मी तुमच्या हाती दिलं नसतं. 'मला काय सांगतेस, त्याला सांग,' असं म्हणाला असतात, आणि तो करंजाड्याला राहतो, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.