कानाने तपासलेलं पत्र

डिचोली,
८ मे

प्रिय तनया,

सगळ्यात आधी एक विनंती. हे पत्र कुणाकडूनही वाचून घेऊ नकोस. ऑफिसातल्या पूनमकडून नको, शेजारच्या काकूंकडूनही नको. तुझ्या कॉम्प्युटरला वाचता येईल अशाच रीतीने ते लिहिलं आहे, आणि वाचता येतं याची मी पडदा बंद करून तीनदा खात्री केली आहे. दार लावून घे, कानाला तुझे ते हेडफोन लाव आणि एकटीच ऐक. प्रमोदशी तुझ्या लग्नावरून आपलं जे झालं त्याला येत्या गणेशचवथीला दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुझा फोन दर रविवारी न चुकता येतो आणि दहा मिनिटांत संपतो. हवा कशी आहे, आईचे गुडघे कसे आहेत, दुकान कसं चाललंय. पूर्वी तू माझ्याशी तासभर भांडायचीस, बाय. आता तू भांडतच नाहीस, आणि त्याने माझा जीव खालीवर होतो. माझी मुलगी मला परत हवी आहे. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

घरचं सांगायचं तर आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती काही बसत नाही. मागच्या आठवड्यात कोरगावला जाऊन काजूच्या बिया उन्हात घालून आली. यंदा झाडांना मोहोर बरा होता, पण अर्धा वाऱ्याने झडला. पाव विकणारा पोदेर अजून सकाळी सायकलचा भोंपू वाजवत येतो आणि आई अजून त्याच्याशी उंडे पाव करपल्यावरून हुज्जत घालते. दुकानही चाललंय. जत्रांची हँडबिलं, बारशाची कार्डं, भजनी मंडळांच्या पावत्या, जे येईल ते. तीस वर्षं डीटीपी करतोय, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या दुकानातून बाहेर गेली नाही, हे मी गावाला सांगत असतो. आता ते सांगायची सोय उरलेली नाही. का, ते ऐक.

जानेवारीत दुकानात प्रज्योत नावाचे एक गृहस्थ आले. फोंड्याला बँकेत नोकरी, चाळिशीचे, जन्मापासून दिसत नाही. दृष्टिहीनांच्या मंडळाचं फोंड्यात संमेलन होतं, त्याची हँडबिलं त्यांना हवी होती. कदंबा बसने एकटेच आले होते. मी दोन कागद पुढे केले, तर अंगठा फिरवून म्हणाले की हा दुसरा पातळ आहे, शाई मागे उमटेल. मी तो मागे ठेवला. जाताना म्हणाले, छापून झालं की फाइलही मेल करा, सभासदांना पाठवायची आहे. मी केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. म्हणाले, “सगुणबाब, हें खंयचे भाशेंत बरयलां तुमी? म्हजो कॉम्प्युटर एफ एम पी के एस वाय एच म्हणटा!”

मी लिहिलं होतं मराठीतच. ते एफ एम पी के एस वाय एच म्हणजे आपलं ‘डिचोली’. आमचा जुना फॉन्ट कागदावर मराठी दिसतो, पण पोटात नुसती इंग्रजी अक्षरं असतात. हे आम्हा डीटीपीवाल्यांना सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की कचरा दिसतो. पण दिसतो म्हणजे डोळ्यांना दिसतो एवढंच माझ्या डोक्यात. तो कुणाच्या कानातही पडत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी प्रज्योतची माफी मागितली, फोन ठेवला, आणि खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. मला तुझा फोन आठवला. दोन वर्षांपूर्वी मी तुला ते चार पानी पत्र मेल केलं होतं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “पत्र मिळालं बाबा. पूनमने वाचून दाखवलं.” जी मुलगी दिवसभर पाठ्यपुस्तकांतल्या मराठीच्या चुका कॉम्प्युटरवर ऐकून काढते, तिला बापाचं पत्र वाचायला पूनम कशाला लागते? मला वाटलं, तू मुद्दाम तिऱ्हाइतापुढे ठेवलंस, मला खिजवायला. त्या रागात मी पुढचे तीन रविवार फोन आईच्या हातात दिला. चूक माझ्या फॉन्टची, आणि फुगून बसलो मी.

मग मी ठरवलं की आपला कॉम्प्युटर तुझ्या कॉम्प्युटरसारखा बोलला पाहिजे. तू जे ऐकतेस ते मला ऐकता आलं पाहिजे. तुला विचारलं असतं तर तू फोनवरून सगळं सांगितलं असतंस, पण कुठल्या तोंडाने विचारू? म्हणून प्रज्योतलाच गळ घातली. ते दुसऱ्या शनिवारी आले. मी ट्यूबलाइट लावली, पडदा पुसला, त्यांच्यासमोर नीट वळवून ठेवला. ते हसले. “म्हाका पडदो नाका. तुमकां जाय जाल्यार दवरात.” मला हवा तर मी ठेवावा! खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला, पहिल्याच पायरीला एक कळ दाबली, आणि यंत्र बोलणार म्हणून आम्ही दोघे कान टवकारून बसलो. काही नाही. मी म्हटलं, झालं, बिघडलं. प्रज्योतनी शांतपणे विचारलं, स्पीकरचा प्लग आहे ना? प्लग मीच काढला होता. पाहुण्याला उकडू नये म्हणून त्या जागी टेबलफॅन लावला होता! आई मागे उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

एकदा आवाज आल्यावर मात्र मी त्या माणसाला पडदा वाचून दाखवणं सोडून दिलं. सुरुवातीला मी मध्ये मध्ये सांगत होतो, आता हे आलं, आता ते विचारतोय. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी ऐकून उत्तर टाइप केलेलं असायचं. एकेक ओळ आज्ञा द्यायची, कान द्यायचा, पुढची ओळ. आधी नवी सिस्टिम, मग लिहायचा साधा टेक्स्ट एडिटर, मग त्या एडिटरला वाचा देणारं सॉफ्टवेअर, मग मराठी आवाज. एका ठिकाणी काहीतरी अडलं, तर त्यांनी मागच्या वीस ओळी पुन्हा ऐकल्या आणि एका अक्षराची चूक शोधून काढली. माझा चहा निवला, मी पाहत होतो. शेवटी कीबोर्ड. बाय, कुठल्याही मशीनला मराठी म्हणून वाचता येतं त्या युनिकोडला वीस वर्षं मी नाही म्हणत आलो ते एवढ्याचसाठी की बोटांना टाइपरायटरची सवय, आता म्हातारपणी नवी मांडणी कोण शिकणार? प्रज्योतनी दोन मिनिटांत तीच जुनी मांडणी युनिकोडमध्ये लावून दिली. म्हणजे वीस वर्षांचा हट्ट फुकट. आईने ते अजून सोडलेलं नाही, दिवसातून एकदा तरी ऐकवते.

आता माझी फजिती. लिहिलेलं ऐकायचं म्हणून मी तुझ्याच धड्यातलं असावं तसं एक वाक्य टाइप केलं, ‘सुख-दुःख समान मानावे’. यंत्र बोललं, “सुख, डॅश, दु, कोलन, ख”. मला वाटलं यंत्राचंच काही चुकलं. प्रज्योत म्हणाले, विसर्गाच्या जागी तुम्ही कोलन दिलाय. खरंच होतं. तीस वर्षं मी, आणि माझ्यासारखे सगळेच, विसर्ग म्हणून कोलन ठोकत आलो. कागदावर दोन टिंबं ती दोन टिंबं, कोण बघतंय? स्वतःमध्ये कोलन, अंतःकरणात कोलन, श्रद्धांजलीच्या प्रत्येक फ्लेक्सवरच्या दुःखात कोलन. अख्ख्या डिचोलीचं शुद्धलेखन सांभाळणारा मी, आणि माझ्या हातून एकदाही दुःख नीट लिहिलं गेलं नव्हतं! म्हणून म्हटलं, गावाला सांगायची सोय उरली नाही.

त्याच दिवशी प्रज्योतनी मला ते ज्या वेगाने ऐकतात तो वेग लावून दाखवला. तूही त्याच वेगाने ऐकत असशील, म्हणाले. मला एक अक्षर कळलं नाही. नुसता सपाट घरघराट. मी आवाज सर्वात सावकाश करून बसलो, तरी एक पान ऐकता ऐकता डोकं भणभणलं. आणि तू आठ-आठ तास ते ऐकतेस, आणि त्या घरघराटातून निसटलेला अनुस्वार पकडतेस! मला खरंच माहीत नव्हतं गं. अकराव्या वर्षी तुझी नजर पुरती गेली तेव्हा तुझी वाचनाची हौस संपली असं धरून मी तुझी पुस्तकं माळ्यावर टाकली. तू मात्र ती सगळी कानांनी परत मिळवलीस, मला न सांगता. मला तुझा अभिमान वाटतो हे मी गावभर बोलतो, पण कशाचा वाटायला हवा हे मला ह्या जानेवारीत कळलं. तू माझ्यापेक्षा चांगली मुद्रितशोधक आहेस. हे मी लिहून देतो.

मग एक काम राहिलं होतं, ते मी आठवडाभर टाळलं. तुला पाठवलेलं ते जुनं पत्र मी युनिकोडमध्ये बदलून घेतलं आणि ऐकायला बसलो. पहिली तीन पानं बरी होती, बापाची काळजी, प्रेम, सगळं. चौथ्या पानावर मी प्रमोदबद्दल लिहिलं होतं. म्हणी माझ्या जिभेवर असतात हे तुला माहीतच आहे, आणि त्या दिवशी तर लेखणीला धार आली होती. यंत्राने ते वाक्य वाचलं. आवाज खाली नाही, वर नाही, थांबणं नाही. “दोघांनाही दिसत नसताना संसार करायचा म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.” मी बंद करायला धावलो आणि कळ सापडेना, तर त्याने ते पुन्हा वाचलं. बाय, हे वाक्य तू पूनमच्या तोंडून ऐकलंस. ती वाचताना थांबली असेल. पुढे वाचू का म्हणून तिने विचारलं असेल, आणि तू वाच म्हणाली असशील, मला माहीत आहे तू कशी आहेस ते. तुझ्या ऑफिसात, परक्या मुलीसमोर, बापाने तुला आणि तू निवडलेल्या माणसाला असं म्हटलं. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

मार्चमध्ये मी काहीतरी भलतंच दाबलं आणि यंत्र मुकं झालं. मी कॉम्प्युटरचा डबा पोतडीत घातला आणि मांडीवर घेऊन बसने फोंड्याला गेलो, प्रज्योतच्या घरी. दार त्यांच्या बायकोने उघडलं. हर्षा तिचं नाव. तिलाही दिसत नाही. हे मला प्रज्योतनी कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. मला बसायला सांगून ती आत गेली आणि वाटेत तिचा पाय त्यांच्या चपलांना लागला. मग जी काही सुरू झाली! “कितें सांगलां हांवें तुका? चपलां दारांत दवरूं नाका म्हूण धा फावट सांगलां!” दहादा सांगितलेलं अकराव्यांदा ऐकत प्रज्योत डबा उघडत बसलेले, आत्ता ठेवतो म्हणतात आणि जागचे हलत नाहीत. हर्षाने कांदेपोहे केले, मीठ थोडं जास्त झालं होतं, तेही प्रज्योतनी बोलून दाखवलं आणि पुन्हा ऐकून घेतलं. मी आणि तुझी आई तीस वर्षं हेच तर करतोय. परत येताना बसमध्ये मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि बाजूच्या बाईने पोतडीकडे संशयाने पाहून जागा बदलली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी दोन वर्षं हेच सांगत होते, पण माझा आवाज तुमच्या मशीनमधून येत नाही ना. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी थोडं थोडं हे लिहितोय, ऐकतोय, खोडतोय. त्या जुन्या पत्रातली सोडली तर एकही म्हण राहिलेली नाही, मी तपासलं आहे.

आता ज्यासाठी लिहिलं ते. प्रमोद अजून तुझी वाट पाहतो आहे की माझ्या त्या पत्रानंतर तुम्ही दोघांनी ते सोडून दिलं, हे मला माहीत नाही. दोन वर्षं मी विचारलं नाही आणि तू बोलली नाहीस. माझ्यामुळे ते मोडलं असेल तर तसं सरळ सांग, मी ऐकून घेईन. आणि मोडलं नसेल, तर निपाणीला त्याच्या आईवडिलांकडे मी आणि आई जाऊ, तू म्हणशील त्या दिवशी. पण त्याआधी हे पत्र त्याला जसंच्या तसं पाठव. त्याच्या कॉम्प्युटरलाही ते वाचता येईल, मध्ये कुणी तिसरं लागणार नाही. शेवटच्या दोन ओळी त्याच्यासाठी आहेत. प्रमोद, तुला एकदाही न भेटता मी तुला नको म्हटलं, आणि वाईट शब्दांत म्हटलं. मी चुकलो रे. घरी ये.

तुझाच,
बाबा