तुमच्या वाटणीच्या गोळ्या

बाजारहत्नूर,
ता. २० जानेवारी १९९१

सुजाताच्या बाबांस,
सप्रेम जयभीम.

आमी इकडे बऱ्या आहोत. आसिफाबादच्या खोलीत थंडी वाजत असेल, कांबळं घेत जा. सुजाताला सोळापर्यंत पाढे येतात. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. मी आठ दिवस गेले नाही, आत्याबाई एकट्याच जातात.

बऱ्या आहोत असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही.

मागल्या खेपेला तुमी आले, तेव्हा मी सुजाताजवळ अंथरूण टाकलं. तुमी सकाळी चहा न घेताच मोटार धरायला गेले. हिच्या मनात काहीतरी आहे असं तुमाला वाटलं असेल. मनात नव्हतं हो, दुखणं अंगात होतं.

दोन महिन्यांपासून मला पांढरं जात होतं. तसं बायांना थोडं जातंच, त्याला वास नसतो. हे पिवळं-हिरवट, फेसासारखं. वास असा, की मीच लाजून लोकांपासून दूर बसायची. खाज, लघवीला आग. शेजारच्या तुळजाबाई म्हणाल्या, "गरमी असन, धन्याचं पानी पे." धने भिजवून प्याले. साबणानं आतून धुतलं, तर आग वाढली. मग ओटीपोटात कळा सुरू झाल्या आणि गेल्या मंगळवारी ताप भरला.

आत्याबाईंनी माझा परकर पाहिला. म्हणाल्या, "चाल, निर्मलच्या दवाखान्यात जाऊ." बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बोलल्या, "मलेबी असंच होतं, पोरी. तुह्या नवऱ्याच्या पाठीवर दुसरं लेकरू काऊन नाही झालं, कोनाले मालूम? मी कोनाले सांगतलंच नाही."

तुमच्या आईला मी नऊ वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं.

डॉक्टरीणबाई तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलल्या. तपासून रागावल्या. "रंग बदला, बू आई, तभी आना था. पेट में दर्द और बुखार, तो उसी दिन!" मी विचारलं, मी बरी होईन ना? म्हणाल्या, गोळ्या पूर्ण घे, मध्येच सोडू नको.

मग म्हणाल्या, "आदमी को भी दवा लेनी पड़ेगी."

हा आजार नवराबायकोत एकमेकांकडे जातो. पुरुषाला पुष्कळदा काही जाणवत नाही, तरी असतो. एकानंच औषध घेतलं तर परत येतो. मी विचारलं, आला कुठून? त्या म्हणाल्या, कधीपासून आहे, कोणाकडून आला, ते तपासून सांगता येत नाही.

मी कोणाकडे गेले नाही. हे तुमाला लिहून द्यावं लागतं, याचीच लाज वाटते. तुमाला काही विचारायचं आहे, पण कागदावर विचारत नाही.

ताप उतरला, कळाही कमी आहेत. आठ दिवसांनी परत दाखवायचं आहे. आत्याबाईंनीही स्वतःला तपासून घ्यायचं कबूल केलं.

शेजारचे चंपतभाऊजी उद्या तिकडे येऊन राह्यले, हे पाकीट त्यांच्या हाती देते. गोंदानं चिकटवलं आहे. आत तुमच्या गोळ्या आहेत. जेवण करून मग त्या घ्या. गोळ्या चालू आहेत तेवढे दिवस दारूला हात लावू नका. दोघांचं औषध संपेपर्यंत जवळ यायचं नाही, असं बाईंनी बजावलं आहे.

रविवारी या. रागावून आले तरी चालेल, पण समोर बसून रागवा. नाहीच आले, तर गोळ्या घेतल्या एवढं तरी कळवा.

भीत भीत, तरी तुमचीच,
भागीरथा