सुरूच्या पडलेल्या फांद्या

३ जुलै
राजोडीच्या सुरूच्या बागेत सातला पोचले. फुलपाड्याहून रिक्षा, बस, परत रिक्षा. कंबरेची वाट. काल दिवसभर वारं झोडपत होतं, म्हणून आज बरंच पडलेलं सापडेल वाटलं. पडलेल्या फांद्या (फां.) २. कललेली झाडं तीच ५. हे मोजणीचं काम देणाऱ्या कॉलेजच्या मॅडमना फोनवर आकडे दिले. "काकू, नीट बघितलंत ना?" तीस वर्षं ऑफिसात नीटच बघत आले, म्हटलं. राग आला. अजून आहे.

५ जुलै
चोर सापडला! सहालाच गेले, तर एक म्हातारी फांद्यांची मोळी बांधत होती. चुलीला नेते रोज. म्हणजे माझे महिन्याभराचे आकडे पाण्यात. तिला सांगितलं, वाऱ्याने झाडांचं किती नुकसान होतं ते मी मोजते, मोजल्याशिवाय उचलू नका. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"मग मना इचार ना, बाय. उचलते कोन?"

८ जुलै
ठरलं. मावशी उचलणार, आकडा सांगणार, मी लिहिणार. फां. १४. मॅडमना हे सांगितलेलं नाही.

१५ जुलै
फां. ९. थर्मासच्या झाकणातून मावशींना चहा दिला. घरी कोण असतं, विचारलं त्यांनी. आई होती, दोन वर्षांपूर्वी गेली, आता कोणी नाही.
"घर खायला उठत असंल."
इतकं सरळ कोणी बोललंच नव्हतं. घरी येऊन खूप रडले.

१९ जुलै
फां. ६. खरं तर आठवड्यातून दोनदाच जायचंय. मी रोज जाते. दिवसभरात माझं बोलणं होतं ते मावशींशीच, बाकी लिफ्टमध्ये मान हलवणं.

२४ जुलै
मावशी नाहीत. नऊपर्यंत थांबले. चहा एकटीने प्यायले. फां. ११.

२५ जुलै
आजही नाहीत. वारा अजिबात नाही, बाग गप्प. फां. १९, कालच्या धरून. वाळक्या वाऱ्याविनाही पडतात.

२७ जुलै
वारा नाही. फां. ३१, कोणी न उचलल्याने साचलेल्या. मॅडम खूश, एकदम एवढं नुकसान, वादळ कधी झालं म्हणे. नंतर सांगते म्हटलं.
नाक्यावरच्या दुकानात चौकशी केली. मोळी नेणाऱ्या मावशी कुठे राहतात?
"आता सगल्यांकडं गॅस हाय. मोली कोन नेतो? नाव काय त्यांचा?"
नाव विचारलंच नाही मी. फांद्या मोजत बसले. मूर्ख.
परत बागेत गेले. त्या एकतीस फांद्या गोळा केल्या. मोळी बांधता येत नाही मला, तीनदा सुटली. शेवटी ओढणीने बांधली आणि मावशी मोळी ठेवायच्या तिथे, पाचव्या कललेल्या झाडाखाली ठेवली. वहीत फांद्या पडण्याच्या कारणाचा रकाना कोराच आहे.
उद्या ती मोळी तिथे नसू दे.