एका बोकडावर दोन नवस

२८ जुलै १९५५, गुरुवार

जिंकलो! तीन-एक!

सोमवारी कलकत्त्याला सामना झाला आणि मला आज कळतंय. मधले दिवस माणसाने कसे काढायचे? सव्वीस वर्षं हावड्याच्या मालधक्क्यावर काम केलं, काशीपूर युनियन फुटबॉल क्लबचा एक सामना चुकवला नाही. आता मी इथे वऱ्हाडात आणि माझा क्लब तिकडे.

जऊळका स्टेशनचे छोटे मास्तर नंदीबाबू बंगाली आहेत. गार्ड त्यांना कलकत्त्याचा पेपर आणून देतो. मला बंगाली बोलता येतं, वाचता येत नाही. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस मी! म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. त्यात ते दुसऱ्या क्लबचे, आमच्या कट्टर विरोधकांचे! मुद्दाम आधी तागाचे भाव वाचतात, मग हवामान. मी म्हटलं, "बाबू, जीव घेता का?" तर म्हणाले, "दौलतराव, जान तो आपका क्लब लेगा. हम क्यों लें?"

पण शिरपूरपासून रिठदपर्यंत फुटबॉल कळणारा हाच एक माणूस. शत्रू असला म्हणून सोडतो कुठे!

२९ जुलै

पारावर गूळ-शेंगदाणे वाटले. सगळ्यांनी खाल्ले, मग जगदेव विचारतो, "काय दौलतभाऊ, विजयमाला मोकळी झाली का?" पोरगी बाळंतपणाला आली आहे ना, म्हणून. म्हटलं, "नाही, आमी सेमीफायनलले पोचलो."

जगदेव म्हणतो, "मले एक सांगा, त्या लोकायच्या हाताले काय रोग झाला? पायानं काहून खेयतात?"

अशा माणसांत राहायचं.

३१ जुलै

आज मरीमायच्या ओट्याजवळून येत होतो. एकटाच होतो. पाय आपोआप थांबले. हात जोडून मोठ्याने बोललो, "माय, या साली कप आमाले दे. दारातला काळा बोकड तुझा."

क्लबला कप मिळून नऊ वर्षं झाली. पण हा संघ वेगळा आहे. दोन्ही बॅक भिंतीसारखे, आणि मधला फॉरवर्ड चेंडू पायाला बांधल्यासारखा नेतो. नवस नसता तरी जिंकले असते. पण असलेला बरा. झोप छान लागणार.

१ ऑगस्ट

सकाळी उठून बघतो तर बायको, गोजराबाई, बोकडाच्या कपाळाला कुंकू लावते आहे. कानाला देवीच्या नावाची जुनी चीर.

"हे काय करून राह्यली?"

"आखाडीलेच कबूल केला मायले. विजयमालासाठी. दोन लेकरं गेली तिची. हे तरी जगू दे म्हनलं."

कानाची चीर मी एवढे दिवस पाहिलीच नाही! माझ्या नवसाचं तिच्यापासून लपवलं.

३ ऑगस्ट

देवला भगताकडे गेलो. मरीमायचं सगळं तोच करतो. सरळ न विचारता म्हटलं, समज, एका माणसानं चुकून एकाच बोकडावर दोन नवस बोलले, तर?

देवला म्हणाला, "एका बोकडात माय एकच काम करीन. दोन कायले करीन?"

"दुसरा बोकड देला तर?"

"वा! तिले काय बाजार दाखोता? जो कबूल केला तोच लागते."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दौलतभाऊ, तो मानूस लय घाबरेल दिसते."

घरी आलो. विजयमाला भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाबा, चेहरा असा काहून? तुमचे लोक हारले का?"

५ ऑगस्ट

सेमीफायनल जिंकलो. एक-शून्य.

फायनल पुढच्या शुक्रवारी, बारा तारखेला, आणि तीही नंदीबाबूंच्या क्लबाशी. बाबूंनी चहा मागवला. मी कप तोंडाला लावला नाही. "अरे, जीत गए और मुँह ऐसा?" म्हणाले. "डर गये?"

बाबूंच्या क्लबाला मी भितो काय! त्यांचा गोलकीपर खाली वाकतो तोवर चेंडू घरी जाऊन जेवून येईल. छातीला हात लावून सांगतो, आमचा संघ या वर्षी हरत नाही.

आणि तेच तर! तो हरत नाही, हीच भीती. क्लबचं काम झालं, तर विजयमालाचं कोण करणार?

८ ऑगस्ट

विजयमालाचे पाय सुजले. सुईण मोतीबाई म्हणते, दिवस भरत आले.

मनात सारखं येतं, हे सगळं खोटं असेल. माय काय सामने बघते? मग वाटतं, खरं असलं तर?

१० ऑगस्ट

आज गेलो मरीमायला. पावसाने ओट्यावर शेवाळ धरलं होतं. नारळ फोडला. बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे मैदान आलं. चिखलात उभे आम्ही धक्क्यावरचे सगळे, एका छत्रीखाली पाच जण, आणि गोल झाला की छत्रीसकट उड्या. परक्या मुलखात मला नावाने हाक मारणारे पहिले लोक मला त्या चिखलात भेटले. गोजराबाई तेव्हा गावी, मी तिकडे. रविवार कसा गेला असता, त्या पोरांनी घालवला.

शेवटी डोळे मिटून बोललो, "माय, माझा नवस वापस घे. फुकट नाही म्हनत. त्याहिले हरव. पन विजयमालाले हात नको लावू."

सव्वीस वर्षांत असलं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मागे वळून पाहिलं नाही.

वाटेत एकदा वाटलं, तरीही जिंकतील. इतका चांगला संघ आहे. मग स्वतःलाच गालावर मारून घेतली.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळपासून कळा. मोतीबाई आणि गोजराबाई आत, मी अंगणात. बोकड माझ्याकडे बघतो, मी बोकडाकडे.

दुपारी वाटलं, आता तिकडे संघ मैदानात उतरला असेल. आत विजयमाला ओरडली. मला कळेना, काय मागू आणि कोणासाठी. नुसता फेऱ्या मारत राहिलो. गोजराबाई एकदा बाहेर येऊन डाफरली, "अवो, बसा ना एका जागी! तुमाले कोनत्या कळा येऊन राह्यल्या?"

दिवे लागायच्या आधी रडणं ऐकू आलं. मोतीबाई दारात येऊन म्हणाली, "पोरगी हाय! कशी वरडून राह्यली पाहा, पुऱ्या गावाले आयकू जाईन! दोघी बऱ्या हायत."

ओसरीच्या खांबाला धरून रडलो. नातीसाठी. आणि खोटं कशाला लिहू, थोडं क्लबसाठीही. आता तिकडे हरले असतील.

१५ ऑगस्ट

स्टेशनवर झेंडा लावला होता. नंदीबाबूंनी पेपर उघडला. मी म्हटलं, "बाबू, आज ताग नको. मारायचं तर एकदम मारा."

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग पेपर खाली ठेवला.

पाऊस! हाफटाइमला मैदानात गुडघाभर पाणी. शून्य-शून्य. सामना थांबवला. फायनल पुन्हा बावीस तारखेला.

बाबू म्हणाले, "अब?" मी म्हटलं, "अब क्या?"

१६ ऑगस्ट

नातीची पाचवी. देवलाच्या हातून बोकड मायला दिला. नवस फिटला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर गोजराबाई जवळ येऊन बसली. "देवला ओट्यामागंच होता त्या दिवशी. म्हने, तुमी मायपुढं क्लबाले हरव म्हनलं."

मी मान खाली घातली. म्हटलं आता बोलणी खायची.

"सव्वीस वर्स मले सोडून त्या चेंडूच्या मागं पयले," ती म्हणाली, "अन् पोरीसाठी एका दिवसात सोडला?" मग जरा थांबली. "आता बोकड बी नाही अन् नवस बी नाही. देवीले कायले तरास देता? जा, तुमीच जाऊन वरडा."

मी म्हटलं, गुडघे दुखतात. गाडीत गर्दी असते. बाळंतीण घरात. तिकडे आता मला ओळखणारं कोण उरलं असेल? वाटेत काही झालं तर?

"इथं राहून काय दिवे लावता? अंगनात फेऱ्या मारता."

विजयमाला आतून म्हणाली, "बाबा, जा. लेकीचं नाव तुमी आल्यावर ठेवू."

१९ ऑगस्ट, अकोला

हावड्याची गाडी लागली. शेजारी नंदीबाबू, रजा काढून आले आहेत. म्हणतात, "हम तो सिर्फ आपको रोते हुए देखने जा रहे हैं."

मी विचारलं, "बाबू, स्वतःसाठी रुमाल आणला ना?"