शेषरावच्या पानावर

८ सप्टेंबर
पत्र्याच्या छपराखाली वर्गभर पोरं एका हेलात कविता म्हणायची, तो आवाज आज दिवसभर कानात घुमतो आहे. पिंपळगाव राजाची शाळा सुटून किती काळ लोटला, हेल मात्र सुटला नाही. आज अमडापूरच्या बाहेर, माजी सैनिकांच्या निवाऱ्यात राहायला आलो. लढाईचा धसका घेतलेली माणसं इथं बरी व्हायला येतात. त्यांच्या समुपदेशक सुचिताबाईंनी मला कविता शिकवायला बोलावलं. इथं घंटा नाही. कुकरही नाही, शिट्टी झाली की एखादा खाटेखाली शिरतो, म्हणून वरण पातेल्यात शिजतं. खिडकीतून सोयाबीन दिसतं. म्हातारपणी पुन्हा वर्ग मिळाला!

१३ सप्टेंबर
हवालदार इंद्रभान पुढच्याच ओळीत बसतो, तालावर मान डोलावतो. जेवत मात्र नाही. अर्धी भाकर लढाईत मेलेल्या जोडीदारासाठी, शेषरावसाठी काढून ठेवतो, उरलेली गिळत नाही. बर्फातल्या चौकीवर गोळा पडला तेव्हा जखमी शेषराव याला हाका मारत राहिला, हा मागं वळला नाही. "मले आजूक आयकू येते गुरुजी," म्हणाला. मी त्याला पावसाची एक कविता म्हणून दाखवली. दुसरं काय देणार?

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
आज मेलेल्याच्या नावानं एखाद्याला पानावर बसवून जेवू घालतात. शेषरावच्या नावानं मी बसावं, असा इंद्रभाननं हट्ट धरला. सुचिताबाईंनी बजावलं, जेवा आणि उठा. शेषरावच्या वतीनं अवाक्षरही बोलू नका, तो हक्क आपला नाही. कढी, वडे, खीर. वाढता वाढता इंद्रभान रडायला लागला. मला राहवलं नाही. गॅदरिंगमधल्या नाटकासारखा आवाज काढून म्हणालो, "इंद्र्या, जाऊ दे बे, म्या तुले माफ केलं." तो पायांवर कोसळला. मग पोटभर जेवला. सगळे माझ्याकडं बघत होते. सुचिताबाई तेवढ्या उठून गेल्या. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

२३ सप्टेंबर
इंद्रभान झोपतो, हसतो. "तुमी तं जादूच केली," म्हणतो. मी वर्गात मोराची कविता सुरू केली आणि दुसरी ओळ आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली! त्या जागी जळक्या लोकरीचा वास आला, वायरलेसची खरखर आली. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही.

२५ सप्टेंबर
डावा पाय गुडघ्याखाली गार. उन्हात धरला तरी गारच. इंद्रभान समोरून आला तशी तोंडात शिवी आली. ती माझी नव्हती. रुमाल दाबून धरला.
शेषरावनं माफ केलेलं नाही. मला कुणी सांगितलं नाही. स्वतःचं नाव माहीत असावं तसं माहीत आहे. दुसऱ्याच्या घरचं दान वाटून मी उदार झालो. वर टाळ्यांची हौस. आरशात बघवत नाही.

२६ सप्टेंबर
सुचिताबाईंना सांगायला गेलो. त्याच आधी म्हणाल्या, परवा इंद्रभान घरी जातोय, लेक प्राची वाट बघते आहे. तुमच्यावर उगाच रागावले, असंही म्हणाल्या. मी मान खाली घालून परत आलो. खरं सांगितलं तर तो पुन्हा— आणि आत हा शेषराव सारखा म्हणतो, पूस त्याले, वळला काऊन नाही—

२७ सप्टेंबर
कडी लावून बसलो. एकही कविता उरली नाही. नुसत्या हाका. तोंड उघडायची भीती— पाणीसुद्धा—

२८ सप्टेंबर
दार वाजलं. निरोप घ्यायला इंद्रभान आला असेल, गप्प राहिलो. तर म्हाताऱ्या बाईचा आवाज. इंद्रभान बाहेरून सांगतो आहे, आनंदानं— शेषरावची माय, रुखमाबाई, वरवट बकालहून आली. तुमच्या तोंडून पोरगा बोलला, असं यानंच तिला फोनवर सांगितलं—
"बापू, माह्यासंग बोल ना एकडाव," म्हणते. दाराला कपाळ टेकलं असावं.
हिला मी कधी पाहिलं नाही. तरी तिचा खोकला मला—
दात आवळून धरलेत. इंद्र्या तिच्या शेजारीच उभा आहे. आतला हा आता माफीचं बोलणार नाही—
कडी मी काढत नाही. हात जातोय. माय, तू तरी आयकू नको, मी—