होणाऱ्या सासऱ्यांचे पॅड

चि. झोलानी यास,

थोरल्या चुलतभावाचे मनापासून आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझ्या पत्नीचा स्वभाव ही तिन्ही सुधारली असतील, अशी आशा आहे. (तिसऱ्याविषयीचे उत्तर तिच्या हाती पडू देऊ नये.) येथे सर्व क्षेम आहे, गुरे धष्टपुष्ट असून मका कमरेएवढा झाला आहे. तुझे मागील पत्र चुका सुधारून सोबत परत पाठवीत आहे.

माझा नातू लुखान्यो नाताळासाठी घरी आला आहे. प्रांताच्या संघाचा हा आघाडीचा गोलंदाज वर्षभर विमानाने हिंडतो, हॉटेलांत झोपतो, आणि काय खावे हे त्याला एक पगारी बाई फोनवरून सांगते. येथे त्याने भरडलेला मका आणि घेवडा आईकडे मोजून मागितला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि परात पुढे सरकवली. परदेशी फलंदाज ज्याला भितात, त्याने ती निमूटपणे संपवली.

शनिवारी आपली मंडळी त्याच्यासाठी न्टाबेनी गावच्या मातिवाने यांच्याकडे मुलगी मागायला जाणार, हे तू जाणतोसच. त्यांच्या नोलुबाबालोवाचून या मुलाला चेंडूची शिवणही दिसेनाशी झाली आहे. परंतु योग कसा जुळला पाहा: नाताळाच्या स्पर्धेत आपला अंतिम सामना न्टाबेनीशीच पडला. त्यांचे सलामीचे फलंदाज स्वतः मातिवाने, पंच मी.

मातिवाने यांची पद्धत म्हणजे बॅट मागे आणि पॅड पुढे. लुखान्योचा पहिलाच चेंडू मधल्या यष्टीसमोर त्यांच्या पॅडवर आदळला. मी अपिलाची वाट पाहिली. कोणीही तोंड उघडेना! मुलीच्या वडिलांसमोर मुलाकडच्यांनी आवाज चढवायचा नसतो, आणि आपला संघ म्हणजे यष्टिरक्षकापासून सगळे मागणीला जाणारे भाऊबंद. त्यांनी माना खाली घातल्या. (गलीत उभ्या असलेल्या मझीने टोपीही काढली.) कोणी विचारल्याशिवाय बाद देणे नियमात बसत नाही, म्हणून मी टेकडीकडे पाहत राहिलो.

असे वारंवार घडले. दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाकडून मातिवाने निवांतपणे धावा वसूल करीत होते. सीमारेषेवरून आपल्या बायका ओरडू लागल्या, "अरे लुखान्यो, गोलंदाजी करतोयस की सासऱ्याचे पाय चेपतोयस?" मातिवानेही कमी नाहीत. "पोरा, जीभ हॉटेलातच राहिली काय तुझी?" असे ते साऱ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

पुढचा चेंडूही पॅडवरच बसला. तेव्हा लुखान्यो माझ्यासमोर येऊन किंचित वाकला आणि नजर जमिनीवर ठेवून, मातिवाने यांच्या कुळाचे नाव आदराने घेत, हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, आम्ही भेलेंच्या थोर घरापुढे उभे आहोत. हट्ट कसलाच नाही. फक्त आमची एक वस्तू वाट चुकून या घराच्या पायाशी गेलीय, असं वाटतं. कुणी पाहिली असेल तर..."

मुलगी मागायला गेलेले वडीलधारे दाराशी याच रीतीने बोलतात. तथापि, तो प्रश्न होता, याविषयी मला शंका उरली नाही. मी बोट वर केले.

मातिवाने इतके हसले की पॅडचा पट्टा तुटला. "मागायला शिकलाय पोरगा! शनिवारी या रे सगळे!" असे म्हणत ते तंबूत परतले. सामना आपण जिंकला, आणि त्यांनी आपल्यासोबत बसून ज्वारीच्या दारूचे मडके रिकामे केले. मी समाधानी आहे.

तुझा,
म्बुलेलो

ता. क. आज सकाळी मातिवाने यांच्या पत्नीचा निरोप आला: ज्या म्हाताऱ्याने आमच्या घरधन्यावर बोट उगारले, तो शनिवारी आमच्या दाराशी दिसता कामा नये. तरी मंडळींचे प्रमुखपद माझ्या जागी तू स्वीकारावेस. शुक्रवारच्या बसने निघ.

आणखी एक. चेंडू लेग यष्टीबाहेर जात होता, असे मातिवाने आता म्हणू लागले आहेत, आणि ते मान्य झाल्याखेरीज बोलणी सुरू होणार नाहीत, असे कळते. तू ताबडतोब मान डोलाव. असत्य तुला लहानपणापासून शोभते. मुलाचे लग्न झालेच पाहिजे. चेंडू मधल्या यष्टीवरच होता.