एका खोक्यातल्या गोळ्या

मी, ताउनो इसाक हिल्तुनेन, वय ७४, राहणार बरागा काउंटी, मिशिगन, हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयामुळे, दारूमुळे नव्हे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व अंगणातली वाफेच्या आंघोळीची खोली, आमची सौना, धाकटी बहीण लेम्पी साल्मेला हिला. सौनाची चूल धूर मागे फेकते, सरपण बर्चच्या लाकडाचेच घालावे. लेम्पीवर माझा काडीचाही राग नाही. नवरा कसा निघेल हे कोणाला कळतं?

२. काडतुसे भरण्याचे यंत्र व तराजू गावच्या शिकारी मंडळाला. अट एकच: हरणासाठी जाड तांब्याच्या आवरणाची गोळी निवडावी. ती खांद्याचे हाड फोडून आत जाते, जनावर जागीच पडते. पातळ आवरणाची गोळी कोल्ह्यासाठी. हरणाच्या खांद्यावर तिचा चुरा होतो आणि ते बिचारे दोन-दोन दिवस तडफडते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. जन्मभर हे लोकांना शिकवलं, आणि फसलो मीच.

३. घडले ते असे. गोळ्या मी निवडायचो, काडतुसे लेम्पीचा नवरा ओन्नी भरायचा. १९७९ च्या हंगामात पहिल्याच सकाळी, साठ पावलांवरून, मी एका मोठ्या नर हरणाच्या खांद्यात गोळी घातली. तो पडला नाही. दोन दिवस दलदलीत रक्ताचा माग काढला, मग बर्फ पडून माग बुजला. आमच्या कॅम्पात नेम चुकला तर सदऱ्याचे टोक कापून भिंतीला ठोकतात, आणि सगळे हसतात. जखमी जनावर हरवले तर कोणी हसत नाही. तशा पोराला बापाची बंदूक मिळत नाही, हा आमचा दंडक. बाबांनी सगळ्यांदेखत बंदूक जावयाच्या हातात दिली. "आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं," म्हणाले. मी मान खाली घातली. त्यानंतर हरणावर नेम धरला नाही.

४. यंदा उन्हाळ्यात माळ्यावर ओन्नीने त्या हंगामासाठी भरलेले खोके सापडले, आत उरलेली चार काडतुसे. गोळ्या उपटून करवतीने उभ्या चिरल्या. चारही पातळ आवरणाच्या, कोल्ह्यासाठीच्या. त्या घेऊन ओन्नीकडे गेलो. तो कॉफी ढवळत बसला होता.

"चूक झाली ना रे तुझी?"

"नाही."

"मग बंदुकीसाठी केलंस? मागितली असतीस तर दिली असती."

"मला कशाला हवी होती? तुझ्या बाबांनीच भरायला लावल्या. बंदूक तुला द्यायची नव्हती त्यांना, आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. जाऊ दे आता, ताउनो. बत्तीस वर्षं झाली."

जाऊ कसलं देतो. मेहुण्याचं एक वेळ सोडा, जन्मदात्यानेच माझा केसाने गळा कापला. आणि मी दर रविवारी त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवत आलो.

५. बंदूक ओन्नीकडेच राहावी. दफनभूमीत बाबांच्या शेजारची जागा थोरला मुलगा म्हणून माझ्या नावावर आहे. ती मी ओन्नी साल्मेला यास देतो. मला दुसऱ्या गावी पुरावे.

वाचून, समजून सही केली.

ताउनो इसाक हिल्तुनेन
बरागा काउंटी, ३ ऑक्टोबर २०११

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. सायमा पेर्टुला, शेजारीण
२. वर्नर लाहती, निवृत्त टपालवाला